वहिवाटीची साक्ष

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. देऊळगाव राजाच्या अलीकडे, खडकपूर्णेच्या काठच्या एका गावात मी मास्तर होतो. रविवारी सायकल घेऊन काठाकाठाने वरच्या डोहापर्यंत जायचो. माती घट्ट असली की बसायचो, रेती लागली की उतरून ढकलायचो. डोहावर काम काहीच नसे. ती वाट मीच शोधली होती आणि मला तिचा गर्व होता.

मध्ये एका विधवा बाईचा मळा लागे. वांगी, मिरच्या, कांदे. बांधावर बोराटीची काटी लावलेली. मी अलीकडून विचारायचो, "काकू, जाऊ का?" ती काटी बाजूला ओढायची.

"कुठं चालले मास्तर?"

"फिरायला."

"काऊन? काही हरपलं काय तिकडं?" स्वतःच हसायची. "या. पण दांडातून सायकल उचलून न्या. माह्या पाण्याचा चिखल करू नका."

तीन वर्षांत माझ्या चाकाने वाफ्यांच्या कडेला पांढरी वाट पडली.

वरच्या अंगाला एका मोठ्या शेतकऱ्याचं रान होतं. त्याला मळ्यातून गाडीरस्ता हवा होता. इथून जुनी वहिवाट आहे, असा त्याने तालुक्याच्या कचेरीत अर्ज केला. वहिवाट ठरली की बाईला अडवता येणार नव्हतं. त्याने मला घरी बोलावून खुर्ची दिली. "गुरुजी, बाई आता काटी पक्की करून टाकीन. मंग तुमचं फिरणं खतम." मला तेवढं पुरलं.

पाहणीला कचेरीतले साहेब आले. पांढऱ्या वाटेकडे बघून त्यांनी विचारलं, "तुम्ही इथून जाता?"

"हो. तीन वर्षं."

"त्याआधी?"

"लोक पूर्वीपासून जातात." हे मला कोणीच सांगितलं नव्हतं.

"कोणाला विचारावं लागतं?"

"नाही."

बाई समोरच उभी होती. "मास्तर, असं काऊन बोलून राह्यले? काटी कोण उचलत होतं?"

मी साहेबांच्या हातातल्या नकाशाकडे बघत राहिलो. साहेबांनी मास्तराचा शब्द लिहून घेतला.

रस्ता झाला. गाड्यांनी पाण्याचा दांड फुटला. विहीर एका बाजूला, अर्धा मळा दुसऱ्या. दोन उन्हाळ्यांत तो वाळला आणि बाई अमडापूरला भावाकडे निघून गेली. मी डोहापर्यंत जात राहिलो. आता काटीपाशी उतरावं लागत नव्हतं.

बाई भांडखोर होती, लोकांची वाट अडवायची, असं गावात अजून सांगतात. ते खोटं आहे. मी दर रविवारी विचारून जात होतो आणि तिने एकदाही नाही म्हटलं नाही.

बऱ्याच वर्षांनी अमडापूरच्या बाजारात ती दिसली. दुसऱ्याच्या ढिगातले कांदे निवडत होती. मी म्हणालो, "काकू, मी तेव्हा खोटं बोललो."

तिचे हात थांबले नाहीत. "मले काऊन सांगता? मले तर ठाऊकच हाये. सायबाले सांगा."

परतीच्या वाटेवर तालुक्याच्या गावी एसटी पाऊण तास थांबली. कचेरी समोरच होती, दार उघडं होतं. मी खाली उतरलो, चहा घेतला आणि परत जागेवर येऊन बसलो.