पाटीवाला किमचुई आणि पत्र्यामागची पेठ

आमच्या च्योखे गावच्या जुन्या पेठेत किमचुईची पाटी नाही असं एकही दुकान तुम्हाला सापडलं नसतं. लाल, पिवळ्या, हिरव्या पत्र्याच्या, दोन-दोन मजले उंच पाट्या. एकाने मोठी लावली की शेजारचा दुसऱ्या दिवशी किमचुईच्या दारात हजर. "त्याच्यापेक्षा हातभर मोठी कर!" माझं दुकान वनौषधींचं. त्यावर त्याने जिनसेंगची मुळी इतकी गलेलठ्ठ रंगवली होती की लोक येऊन मुळ्याचा भाव विचारायचे.

बुटका, जाड मानेचा माणूस. सुपारी चघळून ओठ कायम लाल. शिडीवरून बोलला तरी आवाज थेट देवळापर्यंत जायचा.

त्या वर्षी नगर कचेरीने पेठेसाठी नव्या नियमांचा मसुदा आणला आणि तो समजावायला तैपेईहून फांगबाई आल्या. वास्तुरचनाकार, तिशीच्या, कानामागे पेन्सिल. माझूदेवीच्या देवळाच्या अंगणात सभा भरली. बाईंनी वाचून दाखवलं. रस्त्याकडच्या जुन्या विटांच्या भिंती आणि कमानी पाडायच्या नाहीत. मजले वाढवायचे तर मागच्या अंगाला, रस्त्यावरून दिसणार नाहीत असे. आणि पाटी भिंत झाकेल एवढी नको.

किमचुई ताडकन उठला. "बाई, तुम्ही तैपेईत लिफ्टच्या इमारतीत राहता ना?"

"हो, आ-पेक." आमच्याकडे वडीलधाऱ्या माणसाला असंच हाकारतात.

"म्हणजे तुम्हाला लिफ्ट आणि आम्हाला विटा? वा! आणि मी काय करू? पाट्या पोटाला बांधून हिंडू?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळ्यात जोरात तांदूळवाल्या ओंगने वाजवल्या. किमचुईचा राग नुसता धंद्यापायी नव्हता. दुकान पाडून पाच मजली घर बांधायचं, काओश्योंग शहरात गेलेल्या मुलाला, सुनेला, नातीला परत आणायचं, हे त्याने आणि त्याच्या बायकोने, आ-सियोने, कधीचं ठरवलं होतं.

फांगबाई लालबुंद झाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. "तुमचं नुकसान आहे, ते मी नाकारत नाही. पण पत्र्यामागे काय आहे ते न बघताच पाडायचं? एक पाटी उतरवू द्या. एकच."

सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. शेवटी किमचुईच म्हणाला, "माझी उतरवतो! मागे काही नाही हे सगळ्यांना दाखवतो आणि मग तुम्हाला गाडीत बसवून देतो."

त्याची खात्रीच होती. हे दुकान त्याने एका कापूरवाल्याकडून घेतलं तेव्हा दर्शनी भिंतीवर चुन्याचे थरावर थर होते. लग्नाच्या वर्षी त्यानेच त्यावर लोखंडी चौकट ठोकली होती.

रविवारी सकाळी बांबूची परांची उभी राहिली. अख्खी पेठ खाली जमली. ओंग तर फटाक्यांची माळ घेऊन आला होता, बाईंना निरोप द्यायला. किमचुईने बोल्ट सोडवले, दोर सैल केला, आणि तो भला मोठा पत्रा करकरत खाली आला. धूळ, सुकलेल्या पाली, पाखरांची जुनी घरटी, सगळं आमच्या डोक्यावर. आम्ही खोकतोय, हसतोय, आणि वरून मात्र आवाज नाही. किमचुई गप्प, असं आम्ही कधी ऐकलंच नव्हतं.

"ए म्हाताऱ्या," आ-सियो खालून ओरडली, "अडकलास का?"

"आ-सियो! खेकडा!"

"चावला?"

"अगं, भिंतीत खेकडा आहे!"

पत्र्यामागच्या उकाड्याने चुना तडकून त्याचे पापुद्रे सुटले होते. त्यांच्याआडून नांग्या उगारलेला खेकडा डोकावत होता, गाऱ्यात घडवलेला, पाठीवर निळ्या चिनीमातीचे तुकडे जडवलेला. फांगबाईंनी बूट काढले आणि त्या सरसर वर चढल्या.

"आ-पेक, नखाने नको! ब्रशने. असं, हलक्या हाताने."

"असं?"

"आणखी हलकं."

दुपारपर्यंत दोन मासे निघाले, भोपळ्याचा वेल निघाला. एकेक पान दिसलं की खाली आरोळी उठायची. माझं दुकान तसंच उघडं पडलं होतं, मला भानच नव्हतं. मग एका माशाच्या डोळ्यातून आरपार गेलेला बोल्ट दिसला. किमचुईचा चेहरा उतरला. "हा मीच मारलाय. आंधळा केला मी त्याला."

"डोळा बुजवता येईल," बाई म्हणाल्या. "आणि पाऊसही तुमच्याच पत्र्याने अडवला की."

ओंगने माळ लावलीच. पण बाई गाडीत बसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून किमचुईच्या दारात पुन्हा रांग, या वेळी "माझी आधी उतरव!" म्हणणारी. माझ्या जिनसेंगमागे दोन गोल खिडक्या आणि चोच तुटलेला बगळा निघाला. मी आनंदाने रडले. ओंगच्या पाटीमागे मात्र नुसत्या विटा.

"सगळ्यांना मासे न् फुलं, आणि मला विटा? बाई, एक सिंह तरी बसवून द्या!"

"जे नव्हतं ते नव्याने लावायचं नाही, ओंग-पेक."

"सिंह हवा तर तूच वर जाऊन बस!" शिडीवरून किमचुई ओरडला.

आता भिंत पाडायची नाही असं किमचुई म्हणाला आणि पाच मजल्यांवरून त्याच्या घरी मात्र चांगलीच जुंपली. आ-सियो दोन दिवस बोलली नाही. शेवटी तीच मागचं अंगण पावलांनी मोजून आली आणि म्हणाली, "मागे तीन मजले बसतात. नातीला खेळायला गच्ची होईल. कर फोन पोराला."

दुसऱ्या सभेत किमचुई नियमांच्या बाजूने उभा राहिला, पण भांडायचं सोडलं नाही. मसुद्यात म्हटलं होतं, सगळ्या पाट्या एकसारख्या, तपकिरी लाकडाच्या, एकाच वळणाच्या अक्षरांच्या.

"ही पेठ आहे की कबरस्तान? आकार तुम्ही ठरवा, बाई. अक्षर आणि रंग दुकानदाराचा!"

फांगबाईंनी पेन्सिलीचं टोक चावलं, थोडा विचार केला आणि ते कलम खोडलं. "हे तुमचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग हात वर झाले. ओंगने हात वर केला, खाली घेतला, बायकोने कोपर मारल्यावर पुन्हा वर केला. नियम मंजूर झाले. दोन घरं शेवटपर्यंत विरोधात राहिली, त्यांतलं एक अजूनही आमच्याशी बोलत नाही.

किमचुईने तरुणपणी सोडलेला नाजूक अक्षरांचा बारीक कुंचला परत हातात घेतला. आता हातभर लांबीची पाटी करायला त्याला पूर्वीच्या दोनमजलीपेक्षा जास्त दिवस लागतात, आणि घाई केली तर तो हाकलून देतो. मुलगा सहकुटुंब परतला. लिफ्ट नाही म्हणून रोज कुरकुरतो आणि मागच्या तिसऱ्या मजल्यावर राहतो.

पुढच्या वसंतात देवीची मिरवणूक निघाली. तिच्यापुढे चालणाऱ्या दोन अजस्र रक्षकदेवांच्या मूर्ती आत शिरलेली माणसं खांद्यांवर पेलून नेतात. रस्त्यावर पुढे आलेल्या पाट्यांमुळे आमच्या पेठेत त्यांना नेहमी कमरेत वाकावं लागायचं. सवयीने त्या दिवशीही ते वाकले. किमचुई फटाक्यांच्या धुरातून पुढे धावला, दोन्ही हात हलवत, सगळ्या ढोलांच्या वर आवाज काढत: "अरे, सरळ चाला! मान वर करा!"

रक्षकदेव आधी थबकले, मग हळूहळू ताठ झाले, आणि खिडक्यांच्या उंचीवरून डोलत डोलत आमच्या पेठेतून निघाले.