याकोबाच्या सोयरिकीचा निवाडा

“थांबा गुरुजी,” मनकूभाऊ म्हणाले. “हा लाबान किती देवाचा?”

मी कागद खाली ठेवला. हा प्रश्न माझ्या फॉर्ममध्ये नव्हता.

कुरखेडा तालुक्यातल्या एका गोंड गावात, समाजमंदिराच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. काम होतं आकलन चाचणीचं. बायबलचा जुना भाग मुळात हिब्रूत आहे. तो आमच्या भागातल्या लोकांना कळेल अशा साध्या मराठीत आणायचं काम एका संस्थेने घेतलं आहे. भाषांतर झालं की ते ज्यांनी ती गोष्ट कधी ऐकलेलीच नाही अशा माणसांना वाचून दाखवायचं आणि काय समजलं ते लिहून घ्यायचं, याला चाचणी म्हणतात. मी निवृत्त मराठी शिक्षक, घर बौद्ध. ऐकणारे आपापल्या कुळाचे देव मानणारे. त्यामुळे गोष्टीतल्या याकोबाच्या बाजूने तिथे कोणीच नव्हतं.

भाषांतर नामदेवरावांचं. ते माझे जुने मित्र. चंद्रपूरला एकटे राहायचे आणि पेन्शनीत बसून हिब्रू शिकले. शेवटची तीन वर्षं त्यांनी फक्त वंशावळींवर घालवली. अमक्याला तमका झाला, तमक्याला फलाणा झाला, अशी पानंच्या पानं. त्यांना जाऊन सात महिने झाले. ही पानं माझ्या पिशवीत होती.

साहेबांना ती नको होती. साहेब म्हणजे आमचे प्रकल्पप्रमुख, नागपूरचे.

“गुरुजी, नावं कोण वाचतं? लोक झोपतात,” ते गाडीत म्हणाले होते. “आज यादी कापलेली कॉपी वाचा. गोष्ट पूर्ण समजली, तर यादी पुस्तकातून बाहेर.”

“आणि नाही समजली तर?”

“समजेल हो. लव्ह स्टोरी आहे.”

सुरुवातीला साहेबांचंच खरं होतं. याकोब घर सोडून मामाकडे, लाबानाकडे जातो. मामाची धाकटी मुलगी राहेल त्याला आवडते. तिच्यासाठी तो सात वर्षं मामाकडे राबायचं कबूल करतो.

“लमझना राह्यला म्हना की,” सोमीबाई म्हणाल्या. सोमीबाई गावातल्या सगळ्यात वयस्कर. मुलीसाठी सासऱ्याच्या घरी राबणाऱ्याला इकडे लमझना म्हणतात. “माह्या बुढ्यानं तीनच वर्सं केलं. तेबी झोपा काढत.”

पुढे लग्न लागतं. सकाळी याकोब पाहतो तर राहेल नाही, तिची मोठी बहीण लेआ. मामा म्हणतो, थोरलीच्या आधी धाकटी देत नाहीत, राहेल हवी तर आणखी सात वर्षं राब. इथे लोक हळहळतील असं साहेबांना वाटलं होतं.

“मंग?” सोमीबाई म्हणाल्या. “मोठी घरी असतानी लहानीले कशी उजवन? मामा बराबर बोलला.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. याकोबासाठी कोणी चकार शब्द काढला नाही. साहेबांनी फॉर्मवर ‘गोष्ट समजली’ या चौकोनात टिक केली. तेवढ्यात मनकूभाऊंनी देवांचा प्रश्न काढला.

मनकूभाऊ गावातल्या सोयरिकी तपासतात. गोंडांत प्रत्येक कुळाचे देव ठरलेले असतात. कुणी चार देवांचे, कुणी पाच, सहा, सात. सारख्या देवांची माणसं एकमेकांची भावकी. त्यांच्यात लग्न होत नाही. मामाची मुलगी मात्र हक्काची, कारण मामाचं कुळ वेगळंच असतं.

“कुळ लिहिलेलं नाही,” मी म्हणालो.

“इतकं चौदा वर्सं पोराले राबवलं अन् कुळ नाई लिवलं?”

साहेब मध्ये पडले. “काका, कुळाचं काय घेऊन बसलात? गोष्ट प्रेमाची आहे.”

“परेम त आमचंबी होते साहेब,” सोमीबाई म्हणाल्या. “म्हून काय भावकीत करावं? तुमच्या लग्नात पाह्यलं नाई काय?”

“पाहिलं होतं,” साहेब हळूच म्हणाले.

“मंग आमाले काऊन फसवून राह्यले?”

मी पिशवीतून नामदेवरावांची पानं काढली. साहेबांकडे पाहिलं नाही. एकेक नाव वाचू लागलो. मनकूभाऊंनी चिंचोके मागवले आणि दर नावाला एक चिंचोका मांडला. तेरहाला झाले अब्राहाम आणि नाहोर. अब्राहामाला इसहाक, इसहाकाला याकोब. नाहोराला बथुवेल, बथुवेलाला लाबान, लाबानाला लेआ आणि राहेल. कोणी झोपलं नाही. एका म्हाताऱ्याने तर मला मागे जाऊन दोन नावं परत वाचायला लावली.

मनकूभाऊंनी दोन्ही ओळींवरून बोट वर नेलं.

“तेरह. इकडूनबी तेरह, तिकडूनबी तेरह. एकच कुळ! लग्न खोटं.”

“पन मामा हाये ना!” सोमीबाई ओरडल्या.

“मामा हाये, पन भावकीतला. असा मामा म्या जलमात नाई पाह्यला.”

ओट्यावर दोन तट पडले. मी समजावून पाहिलं. म्हणालो, त्या लोकांची रीत उलटी. अब्राहामाने मुलासाठी मुद्दाम आपल्याच गोतातली सून आणवली, ती या लाबानाचीच बहीण. देवाने जमिनीचं वचन त्याच्या वंशाला दिलं होतं. ते कोणाकडून कोणाकडे आलं हे कळायला त्यांना यादी लागायची. घरचा कोण, हे त्यांची वंशावळ सांगते. पोरगी कुठून आणू नये, हे तुमची सांगते.

“ते तिकडं,” मनकूभाऊ म्हणाले. “इथी आला त इथचा कायदा. दंड गावजेवन.”

“याकोब तर हजर नाही,” साहेब हसत म्हणाले.

“त्याले आनलं कोनं?”

कोणी हसत नव्हतं. सगळे साहेबांच्या गाडीकडे पाहत होते.

पुढच्या रविवारी साहेब तांदूळ, डाळ आणि वांगी घेऊन आले. वाढायलाही उभे राहिले. जेवणं झाल्यावर मनकूभाऊंनी याकोबाला जातीत घेतलं. तरी त्यांचं मन मोकळं दिसेना, तेव्हा सोमीबाईंनी मला विचारलं, “त्याले लेकरं किती झाले?”

“बारा मुलगे. एक मुलगी.”

“घ्या! आता कोनाले वापस धाडता?”

साहेबांनी तिथेच फॉर्म मागितला. आपली टिक खोडली आणि शेजारी लिहिलं : ‘यादीशिवाय समजत नाही. यादी मूळ जागी, बाकी मजकुराएवढ्याच अक्षरात ठेवावी.’ मी ती ओळ दोनदा वाचली.

‘हे कोण वाचणार?’ असं मीही नामदेवरावांना एकदा विचारलं होतं. त्यांनी चष्मा पुसून पुढचं नाव लिहायला घेतलं होतं. आता उत्तर मला ठाऊक आहे. परक्यांची वंशावळ वाचायला माणसं बसतात, पण ती निवाडा करायला बसतात. म्हणून अशा चाचणीला जाताना आधीच तांदूळ बरोबर न्यावा.