पाचव्या दिवसाचं पाणी

मोठ्याई महिन्यातले चार दिवस डोळ्यांसमोर असायची, पण हाताला लागायची नाही. पाळी आली की मुरुम गावातल्या आमच्या घरात ओसरीच्या टोकाला तिचं पोतं, वाकळ आणि तांब्या वेगळा पडायचा. मी धावत गेले की दोन्ही हात वर करून ओरडायची, "लांबनं गं बाई, लांबनं! शिवू नको." पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेतलं, की ओल्या केसांनीच मला मांडीवर ओढायची आणि राहिलेले सगळे मुके एकदम वसूल करायची. नात्यानं ती माझी थोरली चुलती. पण माझी आई मी पाळण्यात असतानाच गेली आणि मला वाढवलं हिनंच.

तिचं सोवळं म्हणजे कहर होता. भाजी चिरताना पाळीची नुसती शंका आली तरी विळी तिथंच टाकून उठायची. तिच्या सुनेची तारांबळ उडायची. "देवीला तोंड दाखवायचं हाय मला," एवढंच म्हणायची. देवी म्हणजे येरमाळ्याची. चैत्रातल्या जत्रेला एसटीत उभ्यानं जायची आणि परतल्यावर पाय दुखतात म्हणून घर डोक्यावर घ्यायची. पाळी कायमची गेली तेव्हा तर तिनं पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते.

काही वर्षांनी रक्त पुन्हा दिसलं. दुसरी एखादी घाबरली असती. मोठ्याईनं निमूट पोतं काढलं आणि ओसरीच्या टोकाला जाऊन बसली.

"आत्या, ह्या वयात?" सुनेनं विचारलं.

"आलं आसंल परत. बोभाटा करू नको."

बाजूला बसलेल्या बाईला आमच्याकडं कोणी कारण विचारत नाही. त्या चैत्रात ती येरमाळ्याला गेली नाही. मी पुण्यात, एका प्रयोगशाळेत नोकरीला. फोनवर ती माझ्या जेवणाची चौकशी करायची, स्वतःचं काही सांगायची नाही. दिवाळीला आले तर ती ओसरीवरच, वाळून गेलेली. "आता घरामधी येतच न्हाईत," सून रडत म्हणाली. मी मोठ्याईला तशीच उचलून उमरग्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि लगेच सोलापूरला पाठवलं. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता आणि तो पसरला होता.

"माझं काय चुकलं गं? शिवाशीव तर म्या कदीच केली न्हाय," दवाखान्यातल्या खाटेवर तिनं विचारलं.

काही चुकलं नव्हतं. मी तिला माझ्या कामातलं, जमेल तसं सांगितलं. संसार करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी या कॅन्सरच्या मुळाशी असलेला विषाणू गाठतो आणि बहुतेकांच्या अंगातून निघूनही जातो. काहींच्या अंगात मात्र राहतो. आतल्या नाजूक कातडीला बारीकसं खरचटलेलं असलं की तिथून पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपली प्रथिनं बनवून घेतो. पेशीत बिघाड झाला तर तिला थांबवणारा, वेळ पडली तर मरायला लावणारा एक राखणदार असतो. विषाणूचं एक प्रथिन त्यालाच संपवतं. दुसरं वाढीचा लगाम सोडून देतं. मग बिघडलेली पेशी मरत नाही, वाढतच सुटते. याला वर्षं लागतात; तेवढ्यात तपासलं तर बाई वाचते.

तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. "म्हंजी घरात शिरून आदी राखनदार मारला म्हन."

"व्हय."

"आन् मी बसले भाईर."

मला त्या पोत्याचा संताप आला. देवीचाही आला. जिच्यापायी ही बाई जन्मभर हात आवरून बसली, तिनं एकदा तरी हिला उठवून दवाखान्यात धाडायचं होतं.

किरणांच्या शेकाचा उपयोग झाला नाही. घरी आणलं तर खाट ओसरीच्या टोकालाच टाकायला लावली. रक्त थांबेना, त्यामुळं तिचा पाचवा दिवसही येईना. मी जवळ गेले की ते वाळलेले हात वर व्हायचे, "लांबनं, बाई." एवढ्या जवळ असून मला तिला कवटाळता येत नव्हतं, याइतकं वाईट मी काही सोसलेलं नाही.

शेवटी एका सकाळी तिनं विचारलं, "पाचवा दिस आला का गं?"

"आला, मोठ्याई," मी धडधडीत खोटं बोलले.

पाणी तापवलं, तिला पाटावर टेकवून बसवलं आणि डोक्यावरून ओतलं. तिनं ओल्या हातांनी चाचपत मला ओढलं आणि मुके घेऊ लागली. पाटाखालून लाल पाणी वाहत होतं. तिला ते दिसू नये म्हणून मी तिचं डोकं माझ्या खांद्यावर घट्ट दाबून धरलं.