रिक्षा म्हणजे माणूस ओढतो ती

"सायक्लोवाला आजारी पडला तर काळजी नको. आमच्या मॅडम आहेतच. घरचाच धंदा आहे त्यांचा!"

मालक माइकवर एवढं बोलले आणि हॉल हसला. कसबा पेठेतला तो हॉल काडेपेटीएवढा, पण हसणं असं की लोणी काळभोरच्या उसात झोपलेली रानडुकरं दचकून उठली असतील. पहिल्या रांगेतल्या एका काकूंना तर कवळी हातात धरून हसावं लागलं. आणि मी पडद्याशेजारी उभी. मागे हनोईचा नकाशा.

मी बिबवेवाडीतल्या एका टूर कंपनीत आहे. परदेशी सहल निघण्याआधी आम्ही प्रवाशांना बोलावतो आणि तिकडे फिरायचं कसं ते सांगतो. कुठे मेट्रो, कुठे ट्राम, बसमध्ये कुठल्या दारानं चढायचं, टॅक्सीवाला मीटर टाकत नसेल तर काय. हे सांगणारी मी. लंडनची मेट्रो मी अशी सांगते की लंडनच्या लोकांनी विमानानं यावं आणि बिबवेवाडीत मला गाडी विचारावी. पण पासपोर्ट माझा कोरा करकरीत. सीमेपलीकडे पाऊल नाही. या वेळी मालकांनी शब्द दिला होता, व्हिएतनामचा गट तुम्हीच न्यायचा.

त्याच गटासमोर मी म्हटलं, "हनोईच्या जुन्या भागात आपण रिक्षानं फिरणार आहोत."

एक निवृत्त काका उठले. "अहो मॅडम, रिक्षा आम्ही रोज बघतो. नाही म्हणते, निघून जाते. त्यासाठी विमानात कशाला बसायचं?"

बोलणं झकास होतं. मीही हसले. घोळ माझ्या जिभेचा. मी नागपूरची. पुण्यात जिला रिक्षा म्हणतात तिला आमच्याकडे ऑटो म्हणतात. पुण्यात इतकी मुरले, तरी जीभ अजून तिकडचीच. मी म्हटलं, "नाही काका, ती ऑटो. रिक्षा म्हणजे माणूस ओढतो ती. हनोईत तिला सायक्लो म्हणतात. माझे वडील नागपुरात ओढायचे."

कुणी सांगावं वडील शिक्षक होते, तितक्या सहज सांगितलं. तेवढ्यात मालकांनी माइक घेतला.

माझा बाप काय चीज होता, ते त्या हॉलला काय ठाऊक! एका लग्नात त्यानं नवरा, नवरी, करवली, लोखंडी कपाट आणि कपाटावर बसलेली नवरीची आत्या, एवढं सगळं एका फेरीत नेलं. कपाट मी थोडं वाढवून सांगतेय. आत्या खरी. नागपूरचा मे. डांबर चपलेला चिकटायचं. मागे बसलेली सवारी छत्री उघडायची. स्वतःवर.

चहाच्या सुट्टीत मालकांनी मला कोपऱ्यात घेतलं. हातात पोह्यांची बशी, आवाज लोण्याचा.

"अहो, मनाला लावून घेऊ नका. गंमत होती. पण एक सुचवू? लोकांसमोर हे रिक्षाबिक्षा आपण काढू नये. म्हणायचं, वडिलांचा ट्रान्सपोर्टचा बिझनेस होता. खोटं थोडंच आहे?"

हॉल हसला तेव्हा मला नुसती लाज वाटली होती. आता पेटले. मघाशी निदान माझ्या बापावर हसत होते. आता तर बापालाच पुसायला निघाले. घाम पुसायचा, रिक्षा पुसायची, फुगलेल्या पोटऱ्या पुसायच्या. वर इंग्रजी पाटी.

चहा संपला. मालक माइकवर. "आता पुढचं मॅडम सांगतील. विदर्भात वडिलांचा मोठा ट्रान्सपोर्ट बिझनेस होता. विषय रक्तातच आहे त्यांच्या!"

मी माइक घेतला. घेतला म्हणजे ओढला.

"मालक चुकले. बिझनेस नव्हता. एक रिक्षा होती, तीही भाड्याची. माझा बाप ती ओढायचा. मघाशी तुम्ही ज्याच्यावर हसलात, तो तोच. अजून कुणाचं हसायचं राहिलं असेल तर आत्ता हसून घ्या. मी थांबते."

थांबले. खरंच थांबले. शेवटी कवळीवाल्या काकू म्हणाल्या, "ते सगळं ठीक आहे हो. पण त्या सायक्लोत बसायचं की नाही, तेवढं सांगा."

"बसा की. पण तो ओढत असताना त्याच्या घामाचे फोटो काढून ग्रुपवर टाकू नका."

जिन्यात मालकांनी गाठलं. आता 'अहो' नाही, 'एक सुचवू?' नाही. "व्हिएतनामला तुम्ही जात नाही. दुसरं कुणीतरी जाईल."

बाहेर येऊन बापाला फोन लावला. सगळं सांगितलं, फक्त शेवटचं सोडून.

"काऊन हासले थे?" तो म्हणाला. "मी कोन्या सवारीले पाडलं होतं का?"

"नाही," म्हटलं.

"बरं, तू जाऊन राहिली ना? थो तिकडचा चढावर पायडल कसा मारते, पाहून येजो. मले सांगजो."

"हो," म्हटलं.

आता माघार नाही. मी जाणार. या कंपनीतून नाही तर दुसरीतून, तीही नाही म्हणाली तर स्वतःचा गट बांधून. मालकांच्या मेहरबानीवर पासपोर्ट उघडायचा नाही. आणि माझ्या गटातलं कुणी त्या रिक्षावाल्याला हसलं, तर तिथल्या तिथे खाली उतरवीन. मग तो काका असो, काकू असो, की मालक असो. हॉटेल किती लांब, ते मला विचारायचं नाही. मेट्रो, बस, टॅक्सी, सगळं मी हॉलमध्ये सांगितलेलं असतं. परदेशात फिरायचं एक साधन तेवढं सांगायचं राहतं. ते इथंच सांगून ठेवते.

पाय.