माळावरची समिती

"तुमच्या सूनबाईंना घेऊन टाका अण्णा. बोलत नाहीत आणि सही चांगली करतात!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. बाहेरच्या खोलीत सरपंच तात्या माझ्या सासऱ्यांना, म्हणजे अण्णांना, सांगत होते. मी आत ओट्यापाशी चहात आलं किसत होते. हातावरची मेंदी नुकतीच उतरली होती. गावच्या जैवविविधता समितीत बायका हव्यात असा नियम आहे, एक जागा रिकामी होती आणि अण्णा अध्यक्ष. चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले तोवर मी सदस्य झाले होते.

शांत आहे हे खरं. देवळाली कॅम्पात वाढले. तोफांचा सराव चालू असला की बोलून उपयोग नसतो, आवाज थांबेपर्यंत थांबायचं असतं. ती सवय सासरी घेऊन आले. सासर लासलगावच्या पुढं. गावाबाहेर पंचायतीचं भलंमोठं माळरान, संवर्धनासाठी राखीव. त्याच्यासाठी निधी येतो, निधीबरोबर नियम येतात आणि नियमांबरोबर किस्से. निधी मार्चअखेर परत जातो. किस्से मात्र इथंच साठत राहतात.

* * *

पहिला निधी आला तो फलकाचा. गवत दिवाळीपर्यंत राखायचं आणि मग चराईला खुलं करायचं, ही गावची जुनी रीत. तीच फलकावर रंगवली: 'दिवाळीपर्यंत चराई बंद.' माळावर झाड नाही, त्यामुळे सावलीही नाही. ऑक्टोबरच्या उन्हात बघतो तर गावातल्या निम्म्या शेळ्या फलकाच्या सावलीत दाटीवाटीनं बसलेल्या!

ग्रामसेवक भाऊसाहेब भडकले. तात्या म्हणाले, "असू द्या हो. कोणीतरी बोर्डापाशी थांबलं तरी!"

* * *

कामाचे फोटो मोबाइलवरून अपलोड करावे लागतात. एक आधीचा, एक काम चालू असतानाचा, एक नंतरचा. आधीचा काढायचा राहून गेला, हे भाऊसाहेबांना फलकाच्या उद्घाटनाच्या दिवशी आठवलं.

"त्यात काय अवघड हाय?" अण्णा म्हणाले. "बोर्ड पाठीमागं ठेवा अन् मोबाइल तिकडं वळवा. तिकडं अजून सगळं आधीचंच हाय!"

सगळे मोकळ्या माळाकडे सरकून ओळीत उभे राहिले, फोटो निघाला, अपलोडही झाला. पुढच्या आठवड्यात तालुक्याहून साहेबांचा फोन आला.

"भाऊसाहेब, काम सुरू होण्याआधीच्या फोटोत सगळ्यांच्या हातात पेढे कसे?"

* * *

मग हरणांसाठी पाणवठा झाला. निधी बांधकामाचा होता, पाणी भरायची त्यात तरतूद नव्हती. हौद छान गुळगुळीत झाला आणि कोरडा राहिला. साहेब पाहणीला आले. हौदात वाकून त्यांनी गंभीरपणे विचारलं, "हरणं येतात का?"

शांताकाकू तिथंच शेळ्या घेऊन उभ्या होत्या. समितीतल्या दुसऱ्या बाई त्याच.

"येत्यात ना साहेब," त्या म्हणाल्या. "बघून जात्यात."

* * *

"काकू, तुम्ही मीटिंगला जाता का हो?" मी एकदा विचारलं.

"माझी सही जाते. मी शेळ्यांमागं असते."

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांनी मला माळावर नेलं. गवत पिवळं पडलेलं, लांबून सगळं ओसाड दिसत होतं.

"पाय जपून टाक गं. इथं जमिनीवर संसार हाय."

मला काही दिसेना. बराच वेळ बघितल्यावर खड्यांमध्ये खड्यांच्याच रंगाची ठिपकेदार अंडी दिसली. थोड्या अंतरावर उंच पायांचा एक धाविक पक्षी आम्हाला तिथून दुसरीकडे न्यायच्या खटपटीत पळत होता, थांबत होता, पुन्हा पळत होता.

"आणि घरटं?"

"हेच की. काडी आणत नाय, काय बांधत नाय." काकू शेळ्यांकडे वळल्या. "बांधकाम नाय, मग निधी बी नाय."

त्या दिवसापासून मी माळावर आधी पायाखाली बघते.

* * *

मार्च संपत आला आणि वृक्षलागवडीचा निधी आला. सरकारी कागदावर आमचा माळ 'पडीक' आहे आणि पडीक जमिनीवर झाडं लावायची असतात. जेसीबीनं माळभर खड्डे, भोवती तारेचं कुंपण, आणि सगळं महिनाअखेरच्या आत. म्हणजे अंडी जेसीबीखाली आणि काकूंच्या शेळ्या कुंपणाबाहेर.

मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अण्णांशी बोल." अण्णा म्हणाले, "ते भाऊसाहेब बघतात." भाऊसाहेब म्हणाले, "नियम आहे वहिनी."

पेढ्यांच्या फोटोपासून साहेब सावध झाले होते. या वेळी त्यांना सभेचा व्हिडिओ हवा होता, आणि त्यात महिला सदस्य दिसायला हव्या होत्या. काकूंना आणि मला पहिल्यांदाच पुढच्या खुर्च्या मिळाल्या. दाराबाहेर जेसीबी धडधडत उभा होता. भाऊसाहेबांनी एका हातात मोबाइल धरून ठराव वाचला. "कोणाची हरकत नसल्यास" हे शब्द त्यांनी एका दमात म्हटले आणि ते पुढं गेले.

तात्यांनी रजिस्टर माझ्यापुढं सरकवलं. "घ्या सूनबाई."

मी पेन हातात घेऊन बसून राहिले. अण्णांनी घसा खाकरला. काकू माझ्याकडे बघत होत्या. बाहेर ड्रायव्हरसाठी चहा आला असावा, कारण इंजिन बंद झालं.

"माझी हरकत आहे तात्या," मी म्हणाले. "माळ पडीक नाही. तिथं अंडी आहेत, शेळ्या चरतात. आधी एवढं लिहून घ्या, मग खाली सही करते. सही मी चांगली करते, हे आत ओट्यापर्यंत ऐकू आलं होतं."