बाबांचा उरलेला एक शब्द

बाबांना झटका आला तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि सगळी भाषा गेली. उरला एकच शब्द, ‘सेट’. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कधी कधी एखादाच शब्द शिल्लक राहतो, आणि कुठला राहील ते कुणाच्या हातात नसतं. देवाचं नाव राहिलं असतं, आईचं राहिलं असतं, गेला बाजार माझं तरी. जन्मभर घरात मालवणी बोललेल्या माणसाच्या तोंडात नेमका इंग्रजी शब्द राहिला. मला तेव्हा चक्क राग आला होता.

खरं तर त्यात नवल नव्हतं. मिल बंद पडल्यावर बाबा मुलुंडच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथून तो शब्द घरी घेऊन आले. नट बसला की सेट. दही लागलं की सेट. शेजारच्या मुलीचं लग्न जमलं, सेट. गावाकडचे दोन चुलते भांडण विसरून बोलायला लागले, तेही सेट. आई वैतागायची. म्हणायची, तुमका दुसरो शब्द गावणा नाय काय?

मी घाटकोपरच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायचे. सातवीच्या मुलांसमोर जाडजूड डिक्शनरी आपटून मी हाच शब्द उघडून दाखवायचे. ‘बघा रे, एवढासा शब्द आणि किती पानं खातोय.’ मांडणं, बसवणं, ठरवणं, गोठणं, मावळणं, संच, सगळं त्याच्या पोटात. मुलं मुकाट वहीत उतरवून घ्यायची आणि मी स्वतःवर खूश. बाबांच्या शब्दासाठी मात्र असलं काही पुस्तक मिळणार नव्हतं. तो मला पलंगाशेजारी बसून शिकावा लागला.

पहिले दोन महिने आमची वाट लागली. त्यांना पाणी हवं असायचं, आम्ही पंखा लावायचो. ते चिडायचे, रडायचे, आणि रडतानाही तोच शब्द. मग हळूहळू मला जमायला लागलं. घाईघाईत दोनदा म्हणाले की बाथरूम. लांबवून म्हणाले की पाठ दुखतेय, कूस बदला. आई भाजी घेऊन परतली की दाराकडे बघून हलकेच म्हणायचे, त्याचा अर्थ एवढाच की आलीस, बरं झालं. आणि नकार तर शेंबड्या पोरालाही कळला असता. डोळे सरळ आपल्यावर, आवाज खाली, आणि डावी मूठ पलंगाच्या लोखंडी पट्टीभोवती आवळलेली. पेज नको, इंजेक्शन नको, गावची मंडळी आता पुरे. मूठ सुटेपर्यंत काही करायचं नाही, हा आमच्या घरचा नियमच झाला.

येणारा जाणारा मला विचारायचा, ‘काय म्हणतायत गं काका?’ आणि मी सांगायचे. मला त्याचा माज चढला होता, खोटं कशाला बोलू.

बरीच वर्षं नुसती चर्चा होती, तशातच आमची बिल्डिंग पाडून नवीन बांधायचं ठरलं. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. बाबांना तपासणीला न्यायचं तर खुर्चीत बसवून चार माणसांनी उचलायचं. पण घर बाबांच्या नावावर होतं, आणि झटका येण्याआधीपासून त्यांचा नकार होता. खिडक्यांच्या जाळ्या, ओटा, माळा, सगळं त्यांनी स्वतःच्या हाताने बसवलेलं. मेल्यावर मला इथनंच खाली न्या, असं ते तेव्हा सरळ सांगायचे. इतर सगळ्यांच्या सह्या झाल्या होत्या. अडलं होतं ते आमच्यापाशी.

आणि मला ते घर नकोसं झालं होतं. लोकांना मी लिफ्टचं कारण सांगायचे. खरं कारण असं की पन्नाशी आली तरी मी हॉलमध्ये गादी घालून झोपत होते आणि मला दार लावता येईल अशी एक खोली हवी होती.

रविवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी संमतीचा फॉर्म घेऊन आले. बाबा मीटिंगला खाली येऊ शकत नव्हते, म्हणून घरीच मोबाइलवर शूटिंग करायचं होतं. त्यांनी मोबाइल समोर धरून विचारलं, ‘काका, मंजूर आहे ना तुम्हाला?’

बाबांनी सरळ माझ्याकडे बघितलं. ‘सेट.’ आवाज खाली. मूठ पट्टीवर.

सेक्रेटरी म्हणाले, ‘काय म्हणतायत?’

मी म्हटलं, ‘हो म्हणतायत.’

अंगठा घ्यायचा होता, तोही डाव्या हाताचा. मी वाकून त्यांची मूठ सोडवली. एकेक बोट. त्यांनी जोर लावला होता, मला कळत होतं. शाई लावून अंगठा टेकवला आणि ओल्या फडक्याने हात पुसून पुन्हा चादरीवर ठेवला. आई ओट्याशी पाठ करून चहा गाळत होती.

बिल्डिंग पाडली, आम्ही दहिसरला भाड्याच्या जागेत गेलो. तिथे लिफ्ट होती. बाबा आईशी तो शब्द बोलायचे, व्यायाम करून घेणाऱ्या मुलीशी बोलायचे, एकदा वॉचमनशीही बोलले. माझ्याशी पुन्हा कधी बोलले नाहीत. मी पलंगाजवळ गेले की ते तोंड मिटून खिडकीकडे बघायचे. मी विचारायचे, पाणी? बाथरूम? शेवटी आईलाच विचारायला पाठवायचे. आठ महिन्यांनी ते तिथेच गेले.

आता आम्ही नव्या घरात राहतो. मला खोली आहे. परवा आईच्या पायाला तेल लावताना मला राहवलं नाही. मी म्हटलं, ‘आई, त्या दिवशी बाबा हो नव्हते म्हणत. मी खोटं सांगितलं.’

आईने पाय काढून घेतला नाही. म्हणाली, ‘माका तेवाच कळला होता गो. मीपण गप रवलंय. माझे गुडघे गेले होते, माका लिफ्ट होयी होती.’

मी विचारलं, बाबांना ते कळलं असेल का.

‘ह्यांका दोघींचाय कळला होता,’ आई म्हणाली. ‘माका म्हातारी म्हणून सोडल्यानी.’