काकूंच्या स्वयंपाकाची फाइल

नववीत शाळा सुटली आणि मी किनवटकडून पुण्यात आले, ती सदाशिव पेठेतल्या एका घरी धुणंभांडी करायला. त्या घरच्या काकू तेव्हा ज्येष्ठांच्या वर्गात एक्सेल शिकत होत्या. शिकलेलं विसरू नये म्हणून घरी आल्या की मला शेजारी बसवून तेच शिकवायच्या. पुढे झेरॉक्सच्या दुकानात माझ्यासाठी शब्द टाकला तोही त्यांनीच. आज मी खुर्चीत बसून काम करते ते त्यांच्यामुळे.

त्या गेल्या, आणि काही महिन्यांनी काका पेनड्राइव्ह घेऊन दुकानात आले. काकू रोज रात्री उद्याचा स्वयंपाक एक्सेलमध्ये लिहून ठेवायच्या. ती सगळी फाइल काकांना कागदावर हवी होती. स्क्रीनवर तिचं लिहिलेलं वाचलं की ती ऑफिसला गेल्यासारखी वाटते, म्हणाले.

मी प्रिंट दिली. मेमरी अपुरी आहे, असं कॉम्प्युटर सांगू लागला. बाकीच्या फाइली बंद केल्या, प्रिंटर बंद करून चालू केला, पुन्हा तेच. मशीन अडलं की मला आधी हेच वाटतं, आता आपल्याला गावी परत पाठवणार. त्यात ही काकूंची फाइल. काही पुसलं गेलं तर?

"सावकाश कर," काका म्हणाले. "मला कुठेही वेळेवर पोचायचं नाहीये."

प्रिव्ह्यू उघडला तर पानं हजारोंच्या घरात. मग आठवलं. तारखा ओढून भरायला शिकल्या त्या दिवशी काकूंनी माउस दाबून धरला आणि तारखा खाली धावत सुटल्या, कितीतरी वर्षं पुढे. मी बास म्हटलं, तर म्हणाल्या, असू दे गं, पुन्हा पुन्हा कोण ओढत बसणार. वर उपासाच्या सगळ्या दिवसांना पिवळा रंगही देऊन टाकला. त्या रिकाम्या, रंगवलेल्या ओळी छापायच्या म्हणून मेमरी पुरत नव्हती. उपाय अवघड नव्हता. हवं तेवढंच निवडून प्रिंट एरिया ठरवायचा आणि थोडी थोडी पानं पाठवायची. पण त्यासाठी कुठे थांबायचं ते ठरवावं लागतं.

शेवटची भरलेली ओळ गुरुवारची होती. मेथीची पातळ भाजी, मऊ भात, ताक.

"हे झालंच नाही," काका म्हणाले. "पहाटेच तिला हॉस्पिटलात नेलं. त्या दिवशी मी कॅन्टीनचे पोहे खाल्ले. वाईट होते."

गुरुवार घेऊ की बुधवारीच थांबू, मी विचारलं.

"घे. लिहिलाय ना तिने."

"त्याच्या पुढचं फाइलमध्ये राहील, काका. मी पुसत नाहीये. फक्त प्रिंट काढत नाही."

"नकोच काढूस. पुढचे दिवस मला काढायचेत."

मी मान खाली घालून पानं पाठवत राहिले. प्रत्येक पान काका टेबलावर आपटून सारखं करत होते. गठ्ठा पिशवीत घालताना त्यांनी विचारलं, मेथीची ही पातळ भाजी ती कशी करायची, तुला माहीत असेल ना? मला माहीत नव्हतं. त्या भाजीचं पातेलं मी कितीदा घासलं, पण विचारलं कधीच नाही. फाइलीत काय केलं ते होतं, कसं केलं ते नव्हतं. काका "बरं" म्हणाले आणि गेले.

दुपारी दुकानात कोणी नव्हतं तेव्हा आईला फोन लावला आणि आज काय केलंस, असं विचारलं. असं मी तिला आजवर कधी विचारलं नव्हतं. ती घाबरलीच.

"काय झालं गं? बरी हायस ना?"

काही झालं नाही म्हटलं, सहज विचारते. अंबाडीची भाजी केली म्हणाली. कशी करतेस, मी विचारलं. तिला काही पटेना. भाजीचं राहू दे, आधी तुला काय झालं ते सांग, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.